चार हजार तीनशे एकविसावं अक्षर

रविवारीही पेशींना खाऊ घालावं लागतं.
आठ वाजता मी प्रयोगशाळा उघडते,
दोनोस्तियाच्या रस्त्यावर फक्त पाव पोचवणारी गाडी
आणि ओहोटीचा वास.
सदतीस अंशांच्या कपाटात, गुलाबी पाण्याखाली
त्या तळाला चिकटून बसलेल्या असतात,
फुप्फुसाच्या पेशी,
कुणा एका माणसाच्या,
जो पन्नास वर्षांपूर्वी गेला
आणि ज्याची गाठ अजून गेलेली नाही.

विरजणासारखं आहे हे.
थोडं मागे ठेवायचं, बाकीचं वापरायचं,
दोन दिवसांनी भांडं पुन्हा भरलेलं.

मेंदूच्या दुखण्याला फुप्फुस कशाला?
बाबांनी विचारलं.
म्हटलं, ते प्रथिन इथेही नोकरीला आहे,
कारकुनासारखं,
आल्या कागदावर शिक्का मारत बसलेलं.
शिक्का बसला की निरोप पुढे सरकतो,
पुरे म्हटलं की हात आवरायचा, अशी रीत.
पण उरोला नदीच्या काठी, आपल्याकडच्या काही घरांत
कारकुनाला पुरे ऐकू येत नाही.
एवढ्या लांब हुकमात एकच अक्षर चुकलंय,
चार हजार तीनशे एकविसावं.
सी हवा तिथे जी.

बाबा सुतार. हसले.
एवढ्याशा चुकीने तर खुर्चीसुद्धा डुगत नाही, म्हणाले,
आणि हात मेजावर निवांत टेकवला.
लगेच बशी वाजू लागली.

ते अक्षर मी स्वतः लिहिलंय.
चांगल्या, निरोगी वाक्यात, मुद्दाम,
कात्री नेमक्या जागी पोचवून.
मग शहाण्णव खळग्यांच्या ताटल्या,
एका खळग्यात एकच पेशी.
एकटं जगणं बहुतेकींना जमत नाही.
नेकाने म्हणाली, अशा तयार विकत मिळतात ग, मादालेन,
कशाला डोळे फोडतेस?
पाचव्या ताटलीत, डी-सातमध्ये,
एक ठिपका तग धरून होता.
तीन आठवड्यांनी वाचून पाहिलं:
सगळ्या प्रतींत जी.
मी टाळी वाजवली.
घराण्याचं दुखणं हुबेहूब उतरवता आलं
म्हणून टाळी.
मग हात धुतले, नियमापेक्षा जास्त वेळ.

आमच्याकडे बाबांची मापांची वही आहे.
कपाट, उंची, रुंदी, गिऱ्हाइकाचं नाव.
ओळ सुरू होते तेव्हा अक्षर वाटाण्याएवढं,
संपता संपता मुंगीचा पाय.
अकरा वर्षं ते बारीक होत गेलं,
आईला वाटायचं, कागद वाचवतोय.

परवा डी-सातला औषध दिलं. नव्वद मिनिटं.
जिथे काळी पट्टी उमटायची
तिथे शाई सांडून पुसल्यासारखं काहीतरी.
फोटो घेऊन मी अस्पेइतियाला गेले.
म्हणजे थांबला तो? बाबांनी विचारलं.
ताटलीत, मी म्हटलं.
ताटलीत, ते म्हणाले,
लाकडाचा भाव ऐकून
बघू म्हणावं, तसं.

माझ्या रक्ताची नळी मी अजून कुणाला दिलेली नाही.
वाचणारं यंत्र शेजारच्याच खोलीत आहे.
नेकाने कधी विचारत नाही,
फक्त त्या खोलीची किल्ली
माझ्या समोर ठेवत नाही.

निघताना बाबांनी विचारलं,
त्या माणसाचं नाव काय? फुप्फुसवाल्याचं?
म्हटलं, नाव नाही, आकडा आहे.
ते कोठीत गेले.
पटाशी हातात असली की त्यांचा हात थरथरत नाही,
डॉक्टरांनाही ठाऊक आहे हे.
बीचच्या ढलपीवर त्यांनी आमच्या भाषेत कोरलं:
आभार. अक्षर मोठं, सुटं, पूर्वीसारखं.
त्याच्याजवळ ठेव, म्हणाले.

पेशींच्या खोलीत लाकूड नेता येत नाही.
लाकडाबरोबर बुरशी येते.
ढलपी बाहेर खुंटीला आहे,
माझ्या कोटाच्या खिशात.